गडग्यावरचे झाप

सगुणाकाकीने तोंड उघडलं की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. पण गावच्या अण्णा खोताच्या वाटेला ती कधी गेली नव्हती. खोतच तिच्या वाटेला आला. त्याने घराला नवा सज्जा काढला, तोही नेमका तिच्या परसातल्या विहिरीकडे तोंड करून. सकाळी तिच्या सुना न्हायला आल्या की खोत तिथे आरामखुर्ची टाकून पान चघळत बसे. सुना विहिरीवर जायच्या बंद झाल्या.

काकीने परसाच्या जुन्या दगडी गडग्यावर बांबू रोवले आणि माडाच्या विणलेल्या झापांचा पुरुषभर उंच आडोसा उभा केला.

खोत भडकला. त्याने देवळात गाव जमवला.

"हा आडोसा म्हणजे माझ्या अब्रूवर घाला आहे! देवासमोर सांगतो, मी त्या बाजूला कधी ढुंकूनही पाहिलं नाही. आजच्या आज काढ तो!"

खोतापुढे बोलणार कोण? काकी पदर खोचून उठली.

"काढू की, अण्णा. पण या झापांमुळे ज्याला आधी दिसायचं ते दिसेनासं झालं असेल, त्याने पुढे यावं आणि आपल्या हाताने ते उतरवावेत."

देवळात कोणी हललं नाही. सगळ्यांच्या नजरा खोताच्या पायांवर खिळल्या. खोताने हळूच पाय आखडून घेतले.

झाप राहिले. सुना ताठ मानेने विहिरीवर जाऊ लागल्या. आणि वर्षाने ते कुजले, तेव्हा नवे झाप खोतानेच आपल्या माडांचे धाडले. न मागता, भर बाजारातून मिरवत.