पोशाचं डबडं आणि जनार्दनाचं रीळ

एका खाडीकाठच्या गावात एक पोशा होता आणि त्याच गावात एक जनार्दन. दोघांनाही गळ टाकायचा भारी नाद.

जनार्दन गोदीतून निवृत्त झालेला. त्यानं गळाची दोरी गुंडाळायचं वीस हजारांचं रीळ घेतलं होतं. पोशाचं रीळ सातशेचं, बाजारातल्या टोपलीतून उचललेलं.

आता रिळाची एक गंमत ऐका. मासा जोरात ओढू लागला की रिळानं थोडी थोडी दोरी सोडायची असते, म्हणजे ती तुटत नाही. जनार्दनाचं रीळ लोण्यासारखी दोरी सोडायचं. महाग वस्तू महाग असते ती उगाच नाही, हे कबूल करा आणि गप्प बसा. पोशाचं डबडं मात्र ऐन वेळी अडायचं. मग दोरी तुटू नये म्हणून पोशाच माशामागं काठाकाठानं पळायचा. चिखलात, दगडांत, काट्यांत.

लोक म्हणत, "पोशा मासा धरत नाय, माशाला फिरायला नेतो!" तुम्हीही हसला असता. उगाच सभ्यपणाचा आव आणू नका.

पोशाच्या मुलीचा साखरपुडा ठरला. पोशा व्याह्यांना म्हणाला, "रविवारी माझ्या हातानं मारलेला जिताडा वाढीन." बोलून तर बसला. शनिवार उजाडला तरी घरात त्या माशाचं खवलंसुद्धा नव्हतं. बायको म्हणाली, "व्याह्यांना आता काय, शब्द शिजवून वाढू?"

पोशा जनार्दनाकडे गेला. "दादा, आजच्या दिवस तुमचं रीळ द्या."

"ने की! आणि तुझं डबडं ठेव इथं. तेवढाच माझा टाइमपास."

सकाळच्या भरतीला दोघे धक्क्यावर आले. महागाचं रीळ हातात येताच पोशा बदलला. एक हात कमरेवर, मान वर. गळाला जिवंत कोळंबी लावून फेकली आणि उभा राहिला, जसा काही खाडीचा मालकच. शेजारी जनार्दनानंही डबड्यानं गळ टाकला.

पोशाला जिताडा लागला. चांगला आठ किलोचा असेल. दोरी सुर्रकन सुटू लागली.

जनार्दन ओरडला, "अरे, खांबाकडं चाललाय तो! पळ!"

"पळायचं कशाला? रीळ बघून घेईल."

रिळानं आपलं काम चोख केलं, दोरी सोडत राहिलं. मासा धक्क्याच्या खांबाला वळसा घालून गेला. खांबावर कालवांच्या धारदार शिंपा. दोरी कापली, मासा गेला. पोशाचा हात अजून कमरेवरच.

तेवढ्यात जनार्दनाच्या हातातलं डबडं अडलं. त्यालाही मासा लागला होता! आता करतो काय? बासष्ट वर्षांचा जनार्दन धक्क्यावरून उतरला आणि काठानं सुटला. चप्पल गेली, चष्मा गेला, गुडघाभर चिखल. "अरे थांब मेल्या, थांब!" हे तो माशाला म्हणत होता. अर्ध्या कोसावर मासा थकला. त्याच्या आधी जनार्दन थकला होता, पण त्यानं ते माशाला कळू दिलं नाही.

जिताडा आणून त्यानं पोशापुढं ठेवला. "घे. पोर माझीपण आहे. तूच मारलास म्हणून सांग खुशाल."

रविवारी पंगत बसली, जनार्दनही पंगतीला होता. एक तुकडा खाऊन व्याही म्हणाले, "वा! व्याहीबुवा, हात आहे तुमचा."

मुलीनं बापाकडं पाहिलं. पोशानं वाढायचा डाव खाली ठेवला.

"हात माझा नाय, व्याहीबुवा. मी रिळाच्या भरवशावर उभा राहिलो आणि मासा घालवला. हा जनार्दनदादांनी मारला. माझ्याच डबड्यानं, पण पळून पळून."

विहीणबाई पदर सावरून उठल्या. "अगंबाई! मग जिताड्याचं मानाचं डोकं त्यांच्या ताटात नको का?"

डोकं जनार्दनाला गेलं. पोशाच्या वाट्याला शेपूट आलं. त्यानं ते काटे चोखून, आवाज करत, मजेत खाल्लं.

तात्पर्य: रीळ परवडेल ते घ्या, चांगलं मिळालं तर आनंदच आहे; पण पळायचं काम त्याच्यावर सोपवू नका. आणि उभं राहून मासा घालवलात, तर तसं सांगायची हिंमत ठेवा.