खारीने तीन वर्षांची नव्वद केली

मुलांनो, आता कुजबुज पुरे. नीट मांडी घालून बसा. ओढ्याकाठी ऐनाच्या झाडांचं एक दाट जंगल होतं आणि तिथल्या सर्वांत उंच झाडाच्या ढोलीत एक खार आपल्या तीन पिल्लांना घेऊन राहत होती. खार मोठी कष्टाळू. दिवसभर चिंचोके, चारोळ्या, शेंगा गोळा करायच्या आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून जागोजागी पुरून ठेवायच्या, हा तिचा उद्योग. खोड एकच. कुठे पुरलं ते ती साफ विसरून जायची! मागच्या पावसाळ्यात तर पिल्लं सलग दोन दिवस उपाशी राहिली. "आई, आठव ना गं!" असं धाकटं पिल्लू रडत म्हणालं, आणि खारीला काही केल्या आठवेना. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने ठरवलं, काहीही होवो, आता सगळ्या जागा कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवायच्या.

जंगलात कॉम्प्युटर कुठून आला, म्हणता? अहो, त्या जंगलात एक सुतारपक्षी होता. माणसांच्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले जुने कॉम्प्युटर तो आणायचा, उघडायचा, दुरुस्त करायचा आणि गरजूंना द्यायचा. त्याची तपासायची रीत मोठी मजेशीर. खोक्याच्या चारही कोपऱ्यांवर चोचीने टक टक करायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा, जसा तो खोडातला किडा ऐकतो तसा. त्या दिवशी त्याच्याकडे अगदी एकसारखे दोन कॉम्प्युटर होते. एकाच कचेरीतले, एकाच वयाचे. एक कावळ्याने पसंत केला, दुसरा खारीने.

"सुतारदादा, हा टिकेल किती?" खारीने शेपटी उभारून विचारलं.

"त्याआधी त्याचं वय ऐक. माणसांनी हा सहा वर्षं वापरलाय," सुतारपक्षी म्हणाला. "माहिती साठवायची डिस्क मी नवी घातली आहे, पंखाही नवा बसवलाय. मधला मोठा बोर्ड मात्र जुनाच आहे. तीन वर्षं तरी जावा, असा माझा अंदाज. नीट वापरलास तर पाच-सहासुद्धा जाईल. त्यापुढचं मी सांगितलं तर ती थाप होईल."

"नीट म्हणजे कसं?"

"नेहमी चालू करत जा. चालू राहिला की आतून कोरडा राहतो. या भोकांतून त्याला वारा मिळू दे. दर रविवारी धूळ झाड. आणि आत जे लिहिशील त्याची एक नक्कल दुसरीकडे ठेव."

खार "हो हो" म्हणाली खरी, पण तिच्या डोक्यात 'तीन वर्षं' एवढंच शिरलं होतं. (एवढा मोठा खोका खारीने झाडावर नेला कसा, असं विचारू नका. माकडांनी नेऊन दिला. आणि विजेचं म्हणाल, तर शेंड्यावर उन्हापासून वीज करणारी सौरपाटी होती. झालं समाधान?)

खारीने चार दिवस खपून नवा साठा पुरला आणि पुरता पुरताच एकूण एक जागा आत लिहिली. ओढ्याजवळ काळ्या दगडाखाली सात चिंचोके, वारुळापासून पाच उड्यांवर मूठभर चारोळ्या, अशा दोनशे बारा जागा! मग तिने हिशेब मांडला, आणि तो अगदी खारीचाच हिशेब होता. खाल्लं की संपतं, पुरून ठेवलं की उरतं, हे तिला जन्मापासून ठाऊक. ती मनाशी म्हणाली, 'रोज वापरला तर तीन वर्षं. मग आठवड्यातून एकदाच वापरला तर? एकवीस वर्षं! आणि महिन्यातून एकदा? अगं बाई, नव्वद वर्षं! माझ्या पणतवंडांनाही पुरेल.' आता खार स्वतः किती वर्षं जगते, हे तुम्ही विचारणार, हे मला ठाऊक होतं. ते तिला कुणी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

झालं, कॉम्प्युटर बंद झाला. खारीने सावरीचा मऊ कापूस आणून तो सगळीकडून गुंडाळला, भोकांमध्येसुद्धा कापूस कोंबला, वर शेवाळ पसरलं आणि ढोलीच्या अगदी तळाशी ढकलून दिला. महिना झाला, तिला वाटलं, आजचा वापर वाचवावा. दुसरा महिना झाला, तोही वाचवला. नक्कल काढायची तर कॉम्प्युटर चालू करावा लागला असता, म्हणून तीही राहिली.

समोरच्या झाडावर कावळा मात्र रोज सकाळी आपला कॉम्प्युटर लावून बसायचा. कुठल्या शेतात काय पिकलंय, कुठे कुत्रा सोडलेला असतो, सगळं लिहायचा. रविवारी पंख फडफडवून त्यातली धूळ उडवायचा.

"अरे, किती झिजवतोस त्याला!" खार ओरडायची. "वर्षभरात मोडेल बघ. माझा बघ कसा जपलाय!"

"बघायला मिळाला तर बघेन की!" कावळा म्हणायचा आणि खो खो हसायचा.

अकरा महिने गेले. पुढचा पावसाळा सरत आला आणि ढोलीतला साठा संपला. खार मात्र निश्चिंत होती. तिने मोठ्या दिमाखात शेवाळ बाजूला सारलं, कापूस काढला, पिल्लांना समोर बसवलं आणि बटण दाबलं. घर्रर्र असा आवाज झाला, जळका वास आला, आणि पडदा काळाच राहिला.

तिने परत दाबलं. काही नाही.

"आई, या पावसाळ्यातही आपण उपाशी राहणार का?" धाकट्या पिल्लाने हळूच विचारलं. खार धावत, धडपडत सुतारपक्ष्याला घेऊन आली.

सुतारपक्ष्याने चारही कोपरे वाजवले. "आवाज बद्द येतोय," तो म्हणाला. खोका उघडून त्याने पंख्यातून कापसाचा बोळा ओढला. मग चोच घालून एक चारोळी काढली. मग दुसरी. मग तिसरी. अशा सतरा चारोळ्या निघाल्या!

"या कुणी ठेवल्या?" त्याने विचारलं.

खार गोरीमोरी झाली. ठेवल्या होत्या तिनेच, भोक दिसलं म्हणून, सवयीने. आणि नेहमीसारखी विसरून गेली होती.

"ताई, बोर्डाला गंज चढलाय," सुतारपक्षी म्हणाला. "अकरा महिने ओल खात पडलाय बिचारा. याचं आता काही खरं नाही."

"पण मी तर वापरलाच नाही रे!" खार रडकुंडीला आली.

"म्हणूनच तर," सुतारपक्षी म्हणाला. "हा चिंचोका नव्हे, पुरून ठेवायला. पण थांब, डिस्क कोरडी दिसतेय."

त्याने डिस्क उचलली आणि सगळे कावळ्याच्या झाडावर गेले. कावळ्याने खारीला एक टोमणाही मारला नाही. पिल्लांची तोंडं बघून तो मुकाट्याने बाजूला सरकला. सुतारपक्ष्याने डिस्क त्याच्या कॉम्प्युटरला जोडली. सगळे पडद्यापुढे दाटीने बसले. पडद्यावर आधी एक ओळ आली, मग भराभर दोनशे बारा जागा झळकल्या!

खारीचे डोळे पाण्याने भरले. तिने आधी काय केलं माहीत आहे? खायला धावली नाही. सगळी यादी दातांनी सालीवर कोरून घेतली. मग काळ्या दगडाखालचे सात चिंचोके काढून पिल्लांपुढे ठेवले.

परतताना तिने कावळ्याला विचारलं, "भाऊ, तुझा कॉम्प्युटर अजून किती टिकेल रे?"

"कुणास ठाऊक!" कावळा म्हणाला. "रोज सकाळी लावून बघतो. आज चालला की आजचं काम करून घेतो, आणि नक्कल काढून ठेवतो. उद्या नाही चालला, तर सुतारदादा आहेच."

धाकट्या पिल्लाने दोन चिंचोके खाल्ले आणि उरलेले छातीशी धरून विचारलं, "आई, हे परत पुरून ठेवूया का?"

"नाही रे राजा," खार म्हणाली. "आधी पोटभर खा."

तात्पर्य : जुनी वस्तू किती टिकेल हे तिच्या वयावरून अर्धंच कळतं, उरलेलं अर्धं आपल्या वापरावर ठरतं, आणि नुसती झाकून ठेवलेली वस्तू म्हणजे जपलेली वस्तू नव्हे.