गोड शब्दाची चांदणी

हजारो वर्षांपूर्वीचे लोक मध चाखून काय म्हणत असतील, या कुतूहलापायी सुलक्षणानं सहा वर्षं घालवली होती. संस्कृत 'स्वादु' आणि त्याचे ग्रीक, लॅटिन भाऊबंद ताडून तिनं या भाषांच्या लुप्त पूर्वज भाषेतलं 'गोड' अर्थाचं मूळ विशेषण बांधलं. पीएचडीच्या तोंडी परीक्षेत ते फळ्यावर लिहून तिनं रिवाजाप्रमाणे त्याला चांदणी लावली. चांदणी म्हणजे शब्द तर्कानं बांधलेला, लेखी पुरावा नाही.

परीक्षक राजोपाध्ये गरजले, "साफ चूक! माझ्या ग्रंथातलंच रूप खरं. पदवी विसरा!"

सुलक्षणानं फळ्यावर लिहिलं, 'राजोपाध्ये सरांचंच रूप खरं.' मग अदबीनं विचारलं, "सर, यालाही चांदणी लावू, की तुम्ही त्या लोकांना बोलताना ऐकलंय?"

राजोपाध्यांनी खडू मागून घेतला. त्या वाक्याला चांदणी त्यांनीच लावली.