हौसाक्काचं विरजण

गवळ्यांच्या एका गावात हौसाक्का नावाची बाई राहायची. तिच्या हातचं दही असं लागायचं, की मडकं तिरकं केलं तरी जागचं हलायचं नाही. शब्दही तसाच, जागचा हलायचा नाही. एकदा बोलली की बोलली.

तिला तुळशीराम नावाचा एकुलता एक मुलगा होता. लग्न झाल्यावर त्याच्या मनात आलं, पलीकडच्या पेठेत दह्याचं दुकान टाकावं. हौसाक्का चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "तू? दही लावणार? तुला जन्मात जमायचं नाही."

तुळशीराम लाल झाला. "आजपासून तू माझी आई नाहीस," असं म्हणून तो बायकोला घेऊन निघाला. हौसाक्काने त्याच्या वाटणीच्या दोन म्हशी सोडून त्याच्या हवाली केल्या. पुढे दोन दिवाळ्या गेल्या. त्याने ना तोंड दाखवलं, ना निरोप धाडला.

तिसऱ्या वर्षी केरबा कासार बांगड्यांचं गाठोडं घेऊन तिच्या ओट्यावर टेकला.

"अक्का, तुळशीरामचं दुकान बसायला आलंय. दही लागतच नाही, पाणीच होतं. त्याने सांगितलंय, आईने रोज चार मडकी दही पाठवावं. जन्म दिलाय तर पोसायला नको का?"

"आई नाही म्हणाला होता ना?"

"दह्यापुरती आहेस म्हणे."

हौसाक्काला हसूही आलं आणि रागही आला. गावात तर दोन तट पडले. शेजारीण म्हणाली, "पोटचा गोळा आहे, दे की!" तिचा नवरा म्हणाला, "मिशा फुटलेल्या माणसाला कसलं पोसायचं?"

हौसाक्काने दिवसभर विचार केला. चार मडकी तिला जड नव्हती. पण आज चार दिली तर उद्याही चारच लागतील, आणि पाचवं मडकं तुळशीरामला कधीच लावता येणार नाही. बरं, मुळीच काही दिलं नाही, तर दुकान जाईल आणि दोन म्हशीही जातील. संध्याकाळी तिने केरबाला सांगितलं, "मडकी मिळायची नाहीत. विरजण मिळेल. गावाची रीत त्याला ठाऊक आहे."

रीत अशी होती, की दही लावायला कुणी चमचाभर विरजण मागितलं, तर वैऱ्यालाही नाही म्हणायचं नाही आणि त्याचं मोलही घ्यायचं नाही. मात्र ज्याला हवं त्याने स्वतः आपली वाटी घेऊन यायचं. परक्या हाती विरजण द्यायचं नाही.

तुळशीरामने केरबाच्या हाती वाटी पाठवली. हौसाक्काने ती रिकामीच परत केली.

"अगं, मी काय वाटेत चाटून खाईन होय?" केरबा कुरकुरला.

"तू खाणार नाहीस रे. पण वाटी तुझी नाही."

आठव्या दिवशी सकाळी विरजण नेणाऱ्या बायकांच्या मागे तुळशीराम येऊन उभा राहिला. हातात वाटी, मान भलतीकडे. हौसाक्काने दोन वर्षं एक झणझणीत वाक्य मनात घोळवून ठेवलं होतं. ते अगदी ओठांवर आलं. पण पोराचे गाल बसलेले दिसले आणि तिने ते गिळून टाकलं.

"दूध कसं तापवतोस?" तिने विचारलं.

"उकळी आली की उतरवतो आणि विरजण घालतो."

"उकळत्या दुधात?"

"मग? गिऱ्हाईक थांबतं का?"

बायका फिदीफिदी हसल्या. हौसाक्काही हसली आणि मध्येच थबकली. हा पोर लहानपणापासून मडकी डोक्यावर घेऊन दारोदार फिरला, पण आपण याला चुलीजवळ कधी फिरकू दिलं नाही. 'तुला जमायचं नाही' म्हणालो, पण जमावं म्हणून काही केलंच नाही.

"ये, बस इथे," ती म्हणाली. तिने त्याचं बोट धरून नुकत्याच उतरवलेल्या दुधात टेकवलं.

"आये, चटका बसतोय!"

"मग थांब. बोट सुखाने राहील तेव्हाच विरजण घालायचं."

दूध निवेपर्यंत दोघांना तिथेच बसावं लागलं. नुसतं किती वेळ बसणार? आधी म्हशींचं बोलणं निघालं, मग सुनेचं. मग तुळशीराम हळूच म्हणाला, "आये, मी तेव्हा फार बोललो."

"मीही काही कमी बोलले नव्हते. बोट घाल, बघ."

"आता राहतंय."

तिने वाटीत चमचाभर विरजण घातलं. तो ती दोन्ही हातांत धरून पेठेकडे निघाला.

तिसऱ्या दिवशी तो आणि सून एक छोटं मडकं घेऊन दारात हजर झाले. हौसाक्काने मडकं तिरकं केलं. दही हललं नाही. तिने बोटभर चाखलं.

"आंबट आहे जरा," ती म्हणाली आणि मडकं रिकामं होईपर्यंत कुणालाच द्यायला तयार झाली नाही.

तात्पर्य: हातीपायी धड असलेल्या मोठ्या मुलांना पोसत राहणं हे आईबापांचं कर्तव्य नाही, पण शिकवायचं जे राहून गेलं, ते मात्र त्यांनी रुसवा विसरून द्यावं, आणि मुलांनी ते घ्यायला स्वतःच्या पायांनी यावं.