डोळे सगळ्यांत शेवटी

एकदा एक बाई वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पोळपाट खाली ठेवून कुंचला हातात घ्यायला निघाली, आणि अख्खी गल्ली तिला हसली. वीस वर्षं तिनं पापड लाटले होते. निघताना ती पापडाच्या अंगणात सगळ्याजणींसमोर बोलून गेली, "आता मी इथं परत बसायची नाही." चारचौघांत असं बोलून निघालेल्या माणसाचा परतीचा रस्ता फार अरुंद होतो. बायाही काही कमी नव्हत्या. त्यांतली एक म्हणाली, "जा बाई, जा. तुझा पोळपाट पुसून ठेवते. दसऱ्यापर्यंत येशीलच."

त्या गावात एक वृद्ध चितारीण राहत होती. लाकडाचे इवले शिपाई रंगवण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. शिपाई केवढा, तर बोटाच्या दोन पेरांएवढा. तेवढ्यावर पागोटं, अंगरखा, कंबरपट्टा, ढाल आणि मिशी. हे शिपाई खेळातलेच, पण पोरांच्या खेळातले नव्हेत. चांगली पिकल्या मिशांची माणसं पलंगाएवढ्या पटावर दोन फौजा समोरासमोर मांडत, फासे टाकून एकेक शिपाई पुढे सरकवत, आणि दुपारभर एकमेकांशी लढत. कुणाला हसू येत असेल तर येऊ द्या. माणूस मनापासून जे करतो ते लहान नसतं.

बाई ओसरीवर येऊन उभी राहिली. "आजी, मला शिकवा."

चितारणीनं तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले. "हात चांगले आहेत. डोकं कळेल हळूहळू."

तेवढ्यात एक व्यापारी कापडी थैली घेऊन आला. त्यानं तीस कोरे शिपाई जमिनीवर ओतले. "आजी, दसऱ्याला मेहुण्याशी लढाई आहे. गेल्या साली मी ही अशीच कोरी फौज मांडली. मेहुणा सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाला, 'दाजी, तुमचं सैन्य आंघोळीला निघालंय का?' हरलो त्याचं काही नाही हो. पण ते बोलणं अजून झोंबतंय."

"दसऱ्याच्या सकाळी न्या," चितारीण म्हणाली. तो गेल्यावर तिनं ते तीसच्या तीस शिपाई बाईपुढे सारले. "वीस दिवस आहेत. हे पुरे झाले तर या ओसरीवर तुझा पाट कायमचा. नाही झाले, तर तुझा पोळपाट पुसलेला आहेच म्हणे."

बाईचा चेहरा उतरला. म्हणजे बातमी इथवर पोचली होती. "आजी, आधी काहीतरी सोपं द्या की."

"सोपं द्यायला तू काय सहा वर्षांची आहेस?"

चितारणीनं तिला खडूचं अस्तर कसं द्यायचं ते दाखवलं, चिंचोक्याच्या खळीत रंग कालवून दाखवला, खारीच्या केसांचा कुंचला दिला आणि आपल्या कामाला लागली.

बाईनं पहिला शिपाई उचलला, अस्तर दिलं, आणि ते वाळताच काय केलं? तर डोळे काढले. नवशिका माणूस हेच करतो. त्याला वाटतं, एकदा डोळे आले की जीव आला. डोळे बरे उतरले. मग ती चेहऱ्याला रंग द्यायला गेली, तर रंग डोळ्याला लागला. तो झाकायला वर दुसरा थर दिला, डोळा पुन्हा काढला. मिशी काढताना कुंचला घसरला, तिसरा थर चढला. कोरणाऱ्यानं एवढ्या निगुतीनं कोरलेलं नाक त्या थरांखाली गडप झालं. दुसऱ्या शिपायाचं तेच, तिसऱ्याचं तेच. बारा दिवस संपले तेव्हा फळीवर आठ शिपाई उभे होते. आठांनाही टपोरे डोळे होते. अंगरखा एकालाही नव्हता.

आणि हात कापायला लागला होता. पातळ पापडावर कधी सुरकुती पडू न देणारा तो हात मिशीची एक रेघ सरळ ओढेना. ते आठजण टक लावून बघत राहत. शेवटी बाईनं त्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवली.

बाराव्या दिवशी दुपारी चितारीण तिच्याजवळ येऊन बसली. एकेक शिपाई हातात घेऊन तिनं न्याहाळला. मग वाटीतल्या पाण्यात अंगठा बुडवला आणि पहिल्याचे डोळे पुसून टाकले. मग दुसऱ्याचे. मग तिसऱ्याचे.

"आजी! अहो, काय करता?" बाई ओरडलीच. "बारा दिवसांत तेवढं एकच चांगलं जमलं होतं माझं!"

चितारणीनं आठव्याचेही डोळे पुसले आणि अंगठा पदराला कोरडा केला. "पापड लाटताना एक लाटून, वाळवून, डब्यात भरून मग दुसऱ्याला हात घालायचीस का गं?"

"छे! असं कोण करतं? आधी सगळ्या लाट्या करायच्या. मग सगळ्या लाटायच्या. मग सगळे पापड वाळत घालायचे."

"आणि पोळपाटावर घेतल्याबरोबर सगळा जोर लावून दाबायचीस?"

"दाबलं तर फाटेल ना. हलक्या हातानं, फिरवत फिरवत पातळ करायचं."

"मग ती अक्कल कुठं ठेवून आलीस? पोळपाटासोबत?"

म्हातारी आता बोलायला बसली होती.

"डोळे काढण्याला आमच्यात आखणी म्हणतात. ती सगळ्यांत शेवटी. रंग लागू नये म्हणून, हे तर झालंच. पण खरं कारण निराळं आहे. डोळे उघडले की शिपाई बघायला लागतो. अंगावर कपडा नाही, हातात ढाल नाही, आणि तो तुझ्याकडे बघून विचारतो, माझं हे काय करून ठेवलंस? बघणाऱ्यापुढं शिकणाऱ्याचा हात कापतोच. अगं, पापडाच्या अंगणातल्या त्या बायांना तू तिथं सोडून आलीच नाहीस. त्यांचेच डोळे तू या आठांना काढलेस, आणि रोज त्यांच्यासमोर कामाला बसलीस. अर्धवट कामाला डोळे नसावेत. त्यानं तुला बघू नये, तू त्याला घडवावं. दृष्टी ही पूर्णत्वाला द्यायची वस्तू आहे."

बाईचे डोळे भरले, पण स्वभाव जाईना. "मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर मान डोलावली असतीस. मान डोलावणाऱ्या माझ्याकडं पुष्कळ येऊन गेल्या."

आठ दिवस उरले होते. बाईनं ते आठही शिपाई पाण्यात बुचकळून कोरे केले, तेव्हा त्यांची नाकं वर आली. दुसऱ्या दिवशी तीसही जणांना अस्तर. मग तीसही चेहरे, एक पातळ हात, वाळला की दुसरा पातळ हात. मग तीस अंगरखे, लाल. तीस पागोटी. चौथ्या पागोट्यावर रंग ओघळला, तिनं टिपला आणि पुढे गेली. थांबून कुणाला तोंड दाखवायचं होतं? फळीवर तीस आंधळे उभे होते. कुणी काही म्हणत नव्हतं. मग कंबरपट्टे; दहाव्या पट्ट्यापासून रेघ सरळ यायला लागली, विसाव्यापर्यंत तिला रेघेचा विचारही करावा लागला नाही. पाट आपल्याला मिळेल की नाही, हे तिच्या दिवसभर ध्यानातच आलं नाही.

दसऱ्याच्या पहाटे उजाडताच चितारणीनं तिच्या हातात सगळ्यांत बारीक कुंचला दिला. "मनगटाला मनगट टेकव. अर्धा श्वास सोड, थांब, आणि कुंचला टेकव."

एकेक करत तीस जणांनी डोळे उघडले. सतरावा मात्र बिघडला. त्याची उजवी बाहुली पार कोपऱ्यात गेली. बाईचा अंगठा आपोआप पाण्याच्या वाटीकडे गेला, आणि तिथंच थांबला. तिनं शिपायाला समोर धरलं. तिला हसू फुटलं. हा तर आपल्याकडे बघतच नाहीये! तिनं त्याला तसाच रांगेत उभा केला. चितारीण सुपारी कातरत राहिली.

व्यापारी आला. फळीवर उभी लाल फौज बघून तो उकिडवाच बसला. एकेक उचलून पाहू लागला आणि सतराव्याशी अडला. "अहो बाई, हा तिरळा झालाय की!"

"तिरळा नाही, शेठ. तुमच्या मेहुण्यावर एक डोळा ठेवून आहे तो."

व्यापारी पोट धरून हसला. "हा सगळ्यांत पुढे. सेनापती हाच!"

तो गेल्यावर चितारणीनं आतून एक पाट आणला आणि आपल्या पाटाशेजारी मांडला. एवढंच.

संध्याकाळी पापडाच्या अंगणातल्या बाया आपट्याची पानं द्यायला आल्या. खरं म्हणजे बघायला आल्या. पोळपाट पुसून ठेवते म्हणालेली तीच पुढे होऊन म्हणाली, "पोळपाट अजून पुसलेलाच आहे हो तुझा."

"बरं झालं," बाई म्हणाली. "दे पाठवून. रंग कालवायला मला सपाट काहीतरी हवंच होतं."

पोळपाट दुसऱ्या दिवशी आला. बाईनं त्यावर हिरवा रंग कालवला आणि नव्या फौजेचा पहिला अंगरखा हाती घेतला. जरा वेळानं तिला जाणवलं, ओसरीच्या पायरीशी चारपाचजणी उभ्या आहेत आणि तिच्या हाताकडे बघतायत.

तिनं मान वर केली नाही. रेघ सरळ गेली.