मोहावरचे धोतर

सातपुड्यात वर चिखलआंब्याला पौषात गेलात, तर एखाद्या सकाळी शाळेजवळच्या मोहाच्या झाडाला पांढरे धोतर बांधलेले दिसेल. ते दिसले की खालच्या पाड्यांवरची पोरे घरीच शेकोटीशी बसतात. शाळा बंद. हे कधीपासून, असे पाहुण्यांनी विचारले की रुमाल्याबाबा पावरा मोहाखाली टेकतात आणि सुपडू गुरुजींचे सांगतात.

सुपडू गुरुजी इथले पहिले मास्तर, खाली तापीकाठचे. वर्षभर पाड्यापाड्याला फिरून त्यांनी एकवीस पोरे जमवली होती, असे सांगतात. शाळा एक दिवस जरी बंद राहिली तरी पोरे पुन्हा गुरांमागे जातील, ही त्यांना धास्ती. म्हणून त्यांनी बजावले होते, जो येणार नाही त्याचे नाव पटावरून कापीन.

तिसऱ्या हिवाळ्यात थंडीने कहर केला. गवतावर हिव गोठून रान पांढरे झाले, घागरीत पाण्यावर पापुद्रा धरला. त्या सकाळी वीस पोरे आली. मोन्याची गिंबी आली नाही. गुरुजींनी गैरहजेरी मांडली, पण त्यांचे मन शिकवण्यात लागेना. शेवटी पोरांना पाढे म्हणायला लावून ते तिच्या वाटेवरच्या ओढ्याकडे उतरले.

गिंबी ओढ्याच्या अलीकडे बसलेली होती. ओढा तिने ओलांडला होता, पण पुढे पाय उचलेनात. पाटी तेवढी छातीशी धरलेली.

"नाव कापू नका, गुरुजी," ती म्हणाली. "मी आले होते."

गुरुजींनी उपरण्यात तिचे पाय गुंडाळले आणि तिला उचलून मोन्याच्या झोपडीत नेले. पोर जगली, पण डाव्या पायाची दोन बोटे काळी पडून झडली. मोन्या शिव्या देईल, अंगावर येईल, असे गुरुजींना वाटले होते. खरे तर तसे झाले असते तर त्यांना बरे वाटले असते. मोन्या त्यांच्या पायांकडे बघत राहिला आणि एवढेच म्हणाला, "तुम्ही बूट घालता, गुरुजी. तुम्हाला कसं कळणार?"

गुरुजींनी बूट तिथेच काढले. पुन्हा जन्मात घातले नाहीत, म्हणे. त्या दिवसापासून हिवाळ्यात फटफटले की ते अनवाणी ओढ्यापर्यंत जात, पाण्यातून पलीकडे जाऊन परत येत. मोहाशी पोचल्यावर पायाला खडा टोचलेला कळला, तर शाळा. नाही कळला, तर अंगावरचे धोतर सोडून, पंचा गुंडाळून, ते धोतर उंच फांदीला बांधत. खालच्या चारही पाड्यांवरून ते दिसे.

पहिल्यांदा धोतर बांधले तो दिवस त्यांनी रिकाम्या शाळेत बसून काढला. आता कोणी येत नाही, असेच ते धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर पोरे आली. एकवीसच्या एकवीस. गिंबी बापाच्या खांद्यावर होती.

गुरुजी ज्या वाटेने उतरत, तिच्यावर हिव धरत नाही, असेही सांगतात. कोणी म्हणते, वाट तुडवून तुडवून गवतच उरले नाही, तर हिव धरेल कशाला. रुमाल्याबाबा पाहुण्यांना ती वाट तेवढी दाखवतात.

मधे कचेरीतून शाळेला तापमापक आला. तो भिंतीवर लावलेला आहे. आजही इथले मास्तर पौषात उजाडताना आधी तो बघतात, आकडा वहीत लिहितात, आणि मग चपला काढून ओढ्याकडे उतरतात.