खिळ्यांचा पट्टा

“बाबा, आज तरी पट्टा बांधणार न्हवं?”

सिद्रामनं विचारलं आणि मिशीला पीळ दिला. का देणार नाही? त्यानं वाढवलेला ढाण्या कुत्रा वासराएवढा झाला होता. परातीएवढं डोकं, आणि आवाज असा की परका माणूस आल्या पावली परत फिरावा!

मायाप्पाबाबा त्या माळावरचे जुने मेंढपाळ. राखणीच्या कुत्र्यांची ही थोराड जात त्यांच्याच घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. डोळे उघडले की पिल्लू कोकरांत सोडायचं, मेंढीच्या दुधावर वाढवायचं, ही रीत. तयार झालेल्या कुत्र्याच्या गळ्यात बाबा खिळ्यांचा पट्टा बांधत, म्हणजे लांडग्याला नरडं धरता येत नसे. आणि ज्यानं तो वाढवला, त्याला स्वतःचा कळप मिळे.

सिद्रामचा सगळा जीव त्या कळपात अडकला होता.

“शिकवलंस काय?”

“बस म्हटलं की बसतोय. ये म्हटलं की तोंडातला घास टाकून येतोय. माझ्या शब्दाबाहेर न्हाई!”

“बोलव.”

कळप पुढं निघाला होता. ढाण्या मागंच, बाभळीखाली बसलेला. सिद्रामनं शीळ घातली.

ढाण्यानं मान वळवली... आणि जागचा हलला नाही.

“ढाण्या! ये!”

नाही म्हणजे नाही. पट्टा बांधताना बघायला जमलेली मंडळी गालात हसली. चारचौघांत नाक कापलं गेलं! पट्टा गेला, कळपही गेला. सिद्रामच्या अंगाचा तिळपापड झाला आणि तो काठी उगारून धावला.

बाभळीपाशी पोचला आणि थबकला.

ढाण्याच्या आडोशाला एक मेंढी नुकतीच व्यायली होती. ओलं कोकरू अजून थरथरत होतं. समोरच्या ओघळीतून लांडगा टक लावून बघत होता. ढाण्याही त्याच्यावरची नजर काढत नव्हता.

सिद्रामनं काठी त्या लांडग्याकडं भिरकावली. तो पळाला. मग खांद्यावरचं घोंगडं काढून त्यानं कोकरू गुंडाळलं आणि उराशी धरलं. त्याबरोबर ढाण्या उठला आणि मेंढीच्या अंगाला अंग लावून चालू लागला.

सिद्रामचा ऊर भरून आला. तरी बाबांपुढं मान खाली गेलीच.

“मेंढी मागं राहिलेली मला दिसलीच न्हाई, बाबा... आणि यानं माझं ऐकलं न्हाई.”

बाबांनी ढाण्याच्या गळ्यात पट्टा आवळला. मग सिद्रामच्या पाठीवर थाप मारली.

“आता हा तुझा राहिला न्हाई, कळपाचा झाला... आणि कळप तुझा.”